परतीचा माल

पत्र इंग्रजीत होतं. धाकट्या स्रवंतीनं
आधी मनात वाचलं, दोनदा, मग मला मोठ्यानं,
आणि मधली एक ओळ गाळली.
सत्तावीस वर्षं मी चादरी-टॉवेल तपासले,
अक्कलकोट रोडला, काचेच्या टेबलावर, खाली ट्यूबलाइट.
गाळलेली ओळ मला दिसते.
"ती पण वाच," म्हणालो.

चार्जिंग चालू असताना यंत्र
अचानक बंद पडू शकतं. काही नगांत.
काही म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही.
नंबर मात्र दिलेत, इथून तिथपर्यंत,
आणि माझ्या कार्डावरचा नंबर
बरोब्बर त्यांच्या मधोमध.

गळ्याच्या हाडाखाली बॅटरी, काडेपेटीएवढी;
तिथून वायर मानेतून, कानामागून,
कवटीला पाडलेल्या भोकातून आत,
जिथं माझा उजवा हात राहतो.
पुण्याच्या डॉक्टरांनी बटण दाबलं त्या दिवशी
हात असा थांबला
जशी लाइट गेल्यावर मागांची अख्खी गल्ली थांबते,
आणि मग लांबचं कुत्रं ऐकू येतं.
मी रडलो. पुष्पावती म्हणाली, सही करून दाखवा.

मग फोन. एक दाबा, दोन दाबा.
पलीकडची मुलगी गोड हिंदीत म्हणाली,
काका, रिकॉल म्हणजे परत घेणं असं समजू नका.
काढायची गरज नाही. फक्त लक्ष ठेवा.
कशावर, विचारलं.
तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.

लक्ष ठेवणं मला शिकवू नका, ताई.

एका दिवाळीला तीनशे चादरी मी पास केल्या.
ताण्याचे धागे एका जागी सुटत होते, दिसत होतं;
शेठ दारात उभा, टेम्पो चालू,
शिक्का माझ्या हातात.
फेब्रुवारीत गठ्ठे नांदेडहून परत आले,
दुसऱ्याच गावाच्या धुळीचा वास घेऊन.
पुन्हा टेबलावर घेतल्या, एकेक.
अकरा खराब निघाल्या.
दोनशे एकोणनव्वद चांगल्या.
सगळ्या किलोवर गेल्या.

आता मी त्या अकरांतला
की दोनशे एकोणनव्वदांतला,
हे उलगडून बघायला टेबल नाही.
उलगडायचं तर डोकं.
डॉक्टर म्हणतात बदलता येईल, पण
काढण्यात धोका, ठेवण्यात धोका,
तुम्ही ठरवा, एकोणीस तारखेला या.
चादरीला कुणी विचारलं नव्हतं.

कुठल्या तरी देशात, शिफ्टच्या शेवटी,
माझ्यासारखाच एक जण बसला असेल
डोळे चोळत, शिक्का हातात.
रात्री चार्जरचा पट्टा खांद्यावर टाकून
मी त्याच्याशी बोलतो.
दिसलं होतं का तुला?
दारात कोण उभं होतं?
शिव्या द्यायच्या असतात, देतोही, तेलुगूत,
आणि मग विचारतो, पोरं किती.

चार्ज नाही केलं तर बंद पडणारच,
करताना पडेल न पडेल.
पट्ट्याचा हिरवा दिवा जळतो तोवर
पुष्पावती झोपत नाही.
सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसते,
उद्याच्या हजारातल्या आजच.
मी जरा कूस बदलली की, "एमैंदी?"
काही नाही, म्हणतो.
खरंच काही झालेलं नसतं.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
तांदूळ धुतलेलं पाणी ती तुळशीला घालते,
थेंब वाया घालवणारी बाई नाही.
पण पत्र आल्यापासून रोज सकाळी
स्टीलचा पेला काठोकाठ भरून
माझ्या उजव्या हातात देते
आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहते.

मी पितो.
ती वळून आधी फरशी बघते,
मग चहा टाकते.